हक्कसोडपत्रावरची सही आणि संविधानातली समता

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर सकाळपासून दुपारपर्यंत कोणी बसून राहिले, तर खरेदीखते आणि गहाणखते यांच्या जोडीने आणखी एक दस्त, म्हणजे हक्कसोडपत्र, नोंदवला जाताना त्याला बहुधा दिसेल. वडील वारलेले असतात, वर्षश्राद्ध आटोपलेले असते आणि भाऊ आपल्या एक-दोन बहिणींना गाडीत घालून घेऊन आलेला असतो. दस्तलेखकाकडचा मसुदा ठरलेला असतो. मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा आपण राजीखुषीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला, बंधुप्रेमापोटी कायमचा सोडून देत आहोत, अशा आशयाचा मजकूर त्यात असतो. फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतला जातो, ओळख पटवणारे सह्या करतात आणि बहीण बाहेर येते. सासरी परतताना तिच्या हातात साडी असते, आणि भाऊबिजेला माहेरचे दार उघडे राहील ही खात्री असते.

ही सही होत असताना त्या खोलीत भारताचे संविधान हजर असते का, हा या लेखाचा प्रश्न आहे. संविधान राज्याला बांधते. दोन सज्ञान व्यक्तींनी आपसांत केलेला दस्त हा खासगी कायद्याचा विषय आहे, असे पाठ्यपुस्तकी उत्तर मिळेल. मला ते उत्तर अपुरे वाटते. तो दस्त राज्याच्या अधिकाऱ्यासमोर होतो, राज्याने ठरवलेल्या मुद्रांकावर होतो, त्याच्या आधारे राज्याचाच तलाठी फेरफार धरतो, आणि उद्या वाद झाला तर राज्याचेच दिवाणी न्यायालय त्या सहीची अंमलबजावणी करते. इतक्या ठिकाणी राज्याचा हात लागलेल्या व्यवहाराला खासगी म्हणून सोडून देणे हादेखील राज्याने घेतलेला धोरणात्मक निर्णयच आहे, आणि धोरणात्मक निर्णयाची कसोटी संविधानाच्या अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समता) आणि १५ (भेदभावाला मनाई) वर लावता येते, लावली पाहिजे.

आपला बहुतेक खासगी कायदा संविधानाहून जुना आहे. करार कायदा १८७२ चा, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, नोंदणी कायदा १९०८ चा. अनुच्छेद ३७२ ने हे सगळे कायदे पुढे चालू ठेवले आणि अनुच्छेद १३ ने सांगितले की, मूलभूत हक्कांशी ते जेवढे विसंगत असतील तेवढे शून्य होतील. म्हणजे जुन्या घरात नवे कुटुंब राहायला आले, आणि कोणत्या भिंती पाडायच्या हे राहता राहता ठरवायचे, अशी ती व्यवस्था होती. त्यातल्या काही भिंती पडल्या. काही अजून उभ्या आहेत, आणि त्या भिंती आहेत हेच आपल्या लक्षात येत नाही इतकी त्यांची सवय झाली आहे.

संविधानाआधी खासगी कायद्यापुढे समतेची काय गत होती, हे महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्याइतके दुसऱ्या कशातूनही स्पष्ट होत नाही. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह सर्वांना माहीत असतो. त्यानंतर दहा वर्षे चाललेला दिवाणी दावा फार थोड्यांना माहीत असतो. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये बोले ठराव केला होता, महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केले होते, म्हणजे सार्वजनिक धोरण अस्पृश्यांच्या बाजूने होते. ते धोरण रोखण्यासाठी महाडच्या काही सवर्णांनी खासगी कायद्याचे हत्यार काढले. तळ्यावर आमचा हक्क आहे, तेथे अस्पृश्यांनी पाणी न भरण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असे म्हणत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला आणि डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाईहुकूमही मिळवला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. पण कशाच्या आधारावर? ती वहिवाट माणुसकीला सोडून आहे म्हणून दावा पडला नाही. ती अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही म्हणून पडला. न्याय मिळाला, परंतु तो पुराव्याच्या कमतरतेतून मिळाला. वादींकडे जुने कागद भक्कम असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या निकालाच्या कडेला उभाच राहतो.

अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. तो वाचताना मला नेहमी महाड आठवते. त्या खंडाने वहिवाट जुनी की नवी हा प्रश्नच गैरलागू करून टाकला. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली. या तरतुदींचा रोख एकट्या सरकारवर नव्हता, माणसाने माणसावर चालवलेल्या सत्तेवर होता. दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले की, हे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही चालतात आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणे राज्याचे कर्तव्य आहे. याचा अर्थ असा की, संविधान नागरिकांच्या आपसांतल्या व्यवहारात शिरत नाही हे विधान पहिल्या दिवसापासूनच पूर्ण खरे नव्हते. ते विहिरीवर शिरले, शेतावर शिरले, बांधकामाच्या जागेवर शिरले. घराच्या उंबरठ्यावर मात्र ते थबकले.

थबकण्याचा तो क्षणही मुंबईतलाच आहे. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदू पुरुषाच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा केला होता. संविधान आल्यावर, हा कायदा फक्त हिंदूंना लागू होतो म्हणून तो समतेचा भंग करतो, असे आव्हान नरसू आप्पा माळी प्रकरणात दिले गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या न्यायपीठाने १९५१ मध्ये तो कायदा वैध ठरवला. सुधारणेच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. मात्र त्या ओघात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: अनुच्छेद १३ मध्ये ज्यांना ‘अमलात असलेले कायदे’ म्हटले आहे, त्यांत व्यक्तिगत कायदे येत नाहीत. म्हणजे विधिमंडळाने न लिहिलेला, धर्मशास्त्रातून आणि रूढीतून आलेला विवाह-वारशाचा कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासताच येणार नाही. पुरोगामी कायदा वाचवणाऱ्या त्याच निकालाने पुढच्या अनेक दशकांसाठी एक दार बंद केले. २०१८ मध्ये शबरीमला निकालातल्या आपल्या स्वतंत्र मतात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी त्या भूमिकेवर कठोर टीका केली. तरीही नरसू आप्पाचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत रद्द केलेले नाही, आणि माझ्या मते ही भारतीय न्यायव्यवस्थेची मोठी थकबाकी आहे.

न्यायालयाचे दार बंद झाल्यावर राहिला तो विधिमंडळाचा मार्ग, आणि तो किती लांबचा होता हे तारखांवरून कळते. हिंदू संहिता विधेयक मार्गी लागत नाही म्हणून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला; नरसू आप्पाचा निकालही त्याच वर्षीचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला, परंतु मिताक्षरा या परंपरागत हिंदू वारसापद्धतीच्या एकत्र कुटुंबातला जन्मसिद्ध हक्क फक्त मुलग्यांकडे ठेवला. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू यांच्या पाठोपाठ महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच हिस्सेदार, केले. राज्याचे पहिले महिला धोरणही त्याच वर्षीचे. पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना आपल्या कायद्याने वगळले. लग्न झाले की मुलगी दुसऱ्या घरची, ही समजूत सुधारणेच्या कायद्यातसुद्धा कलम बनून बसली. केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने ती अट काढली, आणि त्या दुरुस्तीच्या उद्देशपत्रात मुलीला सहदायादीतून वगळणे म्हणजे समतेच्या मूलभूत हक्काचा नकार असल्याचे नमूद केले. त्यानंतरही पंधरा वर्षे एका प्रश्नावर गेली: २००५ मध्ये वडील हयात असले पाहिजेत का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय होय म्हणाले, २०१८ मध्ये वेगळे बोलले, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या न्यायपीठाने निर्णायकपणे सांगितले की, हक्क जन्माने मिळतो, म्हणून वडील त्या दिवशी हयात असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही.

अशा रीतीने सत्तर वर्षांनी समतेचे तत्त्व खासगी कायद्यात पूर्ण उतरले. आणि आता तेच तत्त्व दुय्यम निबंधकाच्या टेबलावर एका सहीने बाहेर पडते आहे.

तत्त्व आणि त्याची अंमलबजावणी यांतले अंतर कसे कापता येते, याचा धडा महाराष्ट्राने देशाला एकदा दिला आहे. काम मिळवण्याच्या हक्कासाठी राज्याने परिणामकारक तरतूद करावी, असे अनुच्छेद ४१ सांगतो. तो मार्गदर्शक तत्त्वांतला. न्यायालयात जाऊन तो मागता येत नाही. तरीही १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कायद्याचे मोठेपण त्याच्या उद्देशिकेत नाही, त्याच्या कार्यपद्धतीत आहे. मजुराने काम मागायचे, पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. मागणीची पोच कोणी द्यायची, जबाबदारी कोणावर, चुकले तर खर्च कोणाचा, हे त्यात लिहिलेले होते. अंमलबजावणीत भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके निघाली, हे सर्व खरे आहे. पण खडी फोडणाऱ्या बाईला ‘हमीवर जाते’ असे म्हणता येऊ लागले. संविधानातला एक शब्द बोलीत उतरला तो या कार्यपद्धतीमुळे. मुलीच्या वारसाहक्काच्या बाबतीत आपण कायदा केला, कार्यपद्धती मात्र जुनीच ठेवली.

जुनी म्हणजे कशी, हे सातबारा उघडला की दिसते. कित्येक उताऱ्यांवर अजूनही थोरल्या मुलाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले असते, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीचे हिस्सेदार त्या तीन अक्षरांच्या मागे असतात. मयताच्या वारसांची नोंद करताना मुलग्यांची नावे भोगवटादार म्हणून लागतात आणि मुलींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात जातात, ही पद्धतही अनेक उताऱ्यांवर पाहायला मिळते. कायद्याने ती समान हिस्सेदार, कागदावर मात्र जमिनीवरचा बोजा नोंदतात त्याच रकान्यात. महसुली नोंद मालकीचा अंतिम पुरावा नसते, असे वकील सांगतील आणि ते बरोबरच आहे. परंतु पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची नुकसानभरपाई, शेतकरी म्हणून मिळणारा प्रत्येक लाभ हा सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. शेतात कोण राबते हे ज्याने एकदा तरी खुरपणीच्या दिवसांत गाव पाहिले आहे त्याला ठाऊक आहे.

२०२५ मध्ये राज्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली आणि मयतांची नावे काढून वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. चांगले काम आहे. मात्र अशा मोहिमेत वारसांची यादी कोण देतो, बहिणीला स्वतंत्र सूचना जाते का, आणि तिचे नाव कोणत्या रकान्यात बसते, यावर ती मोहीम समतेची होते की जुन्या विषमतेची नव्याने नोंद करणारी होते, हे ठरणार आहे.

आता मुद्रांकाकडे येतो, कारण माझ्या मते या विषयातली सर्वांत कमी चर्चिली गेलेली बाब ती आहे. स्त्रीच्या नावाने घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, असा निर्णय महाराष्ट्राने १ एप्रिल २०२१ पासून अमलात आणला. असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही, अशी अट तेव्हा होती. ती २०२३ मध्ये काढली गेली. स्त्रीकडे मालमत्ता यावी, हे राज्याचे धोरण त्यातून दिसते, आणि अनुच्छेद १५ च्या तिसऱ्या खंडाने स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची जी मुभा दिली आहे तिचा तो सरळ वापर आहे. त्याच राज्याच्या मुद्रांक कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाबहिणीच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या लाभात विनामोबदला सोडण्यासाठी नाममात्र शुल्क आहे, मग त्या हिश्शाची किंमत लाखांत असो की कोटींत. म्हणजे लग्न झालेल्या बाईने स्वतःच्या कमाईतून घर घेतले तर तिला एक टक्का सूट, आणि जन्माने मिळालेली जमीन सोडून दिली तर जवळजवळ पूर्ण सूट. एकाच खात्याचे हे दोन निर्णय परस्परविरुद्ध दिशांना ओढतात, आणि दुसऱ्याची ओढ पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

सवलतीच्या कलमात स्त्री-पुरुष भेद नाही, भाऊही बहिणीच्या लाभात हक्क सोडू शकतो, असे यावर उत्तर दिले जाईल. शब्दांपुरते ते खरे आहे. पण आपल्या गावात, आपल्या भावकीत, भावाने बहिणीच्या लाभात हक्कसोडपत्र केल्याची किती उदाहरणे वाचकाला आठवतात, ते त्याने स्वतःशीच मोजावे. वरवर तटस्थ दिसणारा नियम एका वर्गावरच भार टाकत असेल तर तोही भेदभावच होय, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या स्थायी नेमणुकीच्या प्रकरणात, म्हणजे लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या खटल्यात, मान्य केले. तेथे शारीरिक क्षमतेचे निकष सर्वांना सारखेच होते, पण ते ज्या वेळी आणि ज्या पद्धतीने लावले गेले त्याचा फटका स्त्रियांनाच बसत होता. नियमाचा मजकूर पाहू नका, परिणाम पाहा, असे न्यायालयाने सांगितले. हक्कसोडपत्राच्या सवलतीला हीच कसोटी लावली तर ती टिकत नाही, निदान आजच्या स्वरूपात तरी टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दस्तातल्या ‘राजीखुषी’ या शब्दाकडेही नीट पाहिले पाहिजे. करार कायद्याच्या कलम २५ नुसार जवळच्या नात्यात नैसर्गिक प्रेमापोटी केलेला लेखी आणि नोंदणीकृत करार मोबदल्याशिवायही वैध असतो. दस्तातली ‘बंधुप्रेमापोटी’ ही भाषा याच परंपरेतून येते. त्याच कायद्याचे कलम १६ मात्र म्हणते की, एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार वाजवी नसेल, तर गैरप्रभाव नव्हता हे वर्चस्व असणाऱ्याने सिद्ध करावे. १८७२ च्या या दोन कलमांपैकी कोणते आधी वाचायचे, हे न्यायाधीशाच्या मनातल्या कुटुंबाच्या चित्रावर अवलंबून असते. कुटुंब म्हणजे प्रेमाची जागा असे चित्र असेल तर कलम २५ पुढे येते. कुटुंबात प्रेमही असते आणि सत्ताही असते, असे चित्र असेल तर कलम १६ ची आठवण होते. या निवडीत संविधानाने मार्गदर्शन करावे, ही अपेक्षा नवी नाही. १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या करारातले एक जाचक कलम रद्द केले, ते अनुच्छेद १४ आणि करार कायद्यातली सार्वजनिक धोरणाची संकल्पना एकत्र वाचून. दोन पक्षांची सौदाशक्ती इतकी विषम असेल की दुर्बळ पक्षाला सही करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ती संमती कायद्याने मानू नये, असा त्याचा गाभा होता. तेथे नियोक्ता ही सरकारी कंपनी होती हे खरे, पण विषमतेचे जे वर्णन न्यायालयाने केले ते सरकारी कंपनीपुरते मर्यादित नाही. ‘सही दिली नाहीस तर माहेर तुटले समज’ हे वाक्य ज्या बाईने ऐकले आहे, तिच्या सौदाशक्तीबद्दल आणखी काय सांगावे? नवऱ्याने टाकले, आजारपण आले, तर ती जाणार कुठे? माहेर हा तिचा एकमेव विमा असतो, आणि त्या विम्याचा हप्ता म्हणून तिच्याकडून जमीन घेतली जाते.

या म्हणण्यावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या बाजूने येतो. सज्ञान, शिकलेली, कमावती बाई आपला हिस्सा भावाला द्यायचा म्हणते, तर तिच्या संमतीवर संशय घेणारे तुम्ही कोण? शेवटची दहा वर्षे आईवडिलांची सेवा भावाने आणि वहिनीने केली असेल, सोसायटीचे कर्ज त्याने फेडले असेल, दोन एकर कोरडवाहूवर त्याचे कुटुंब कसेबसे जगत असेल, तर बहिणीने हिस्सा सोडणे हा तिच्या न्यायबुद्धीचा निर्णय असू शकतो. मी हे मनापासून मान्य करतो. पडदानशीन स्त्रीच्या दस्ताबाबत जुन्या न्यायालयांनी जो संरक्षक नियम बनवला होता, त्यात स्त्रीला व्यवहार कळत नाही असे गृहीत धरलेले होते. ते गृहीतक आज कोणी पुन्हा आणू नये. माझा मुद्दा तिच्या समजेबद्दल नाही, तिच्यापुढे असलेल्या पर्यायांबद्दल आहे. म्हणून हक्कसोडपत्रावर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. देणे हे देणेच असावे, एवढी खात्री करणारी पद्धत राज्याने घालून द्यावी, एवढीच मागणी आहे. शिवाय आईवडिलांची सेवा केली म्हणून भावाला अधिक मिळावे असे असेल, तर तसा हिशेब मांडून तडजोड करता येते. सेवा करणाऱ्या मुलीला मात्र असा अधिक वाटा मागताना आपण क्वचितच पाहतो.

तुकडे पडण्याचा आक्षेप त्या मानाने कच्चा आहे. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर होते आणि ते घटतच आले आहे, हे खरे. पण चार भावांत जमीन वाटली जाते तेव्हा तुकडेबंदीचा विचार कोणी हक्कसोडपत्रापर्यंत नेत नाही. तुकडे पडू नयेत यासाठी एकत्र वहिती, उत्पन्नातला वाटा, हिश्शाची रोख किंमत असे मार्ग आहेत. हिस्सा नाकारणे हा त्यांतला एकच मार्ग, आणि तो नेहमी बहिणीच्याच वाट्याला येतो.

तिसरा आक्षेप एका न्यायालयीन उपमेत सापडतो. घरात संविधान आणणे म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये वैवाहिक सहवासाच्या डिक्रीच्या, म्हणजे जोडीदाराने नांदायला परत यावे अशा न्यायालयीन हुकमाच्या, संदर्भात म्हटले होते. त्याच वर्षी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नेमकी उलट भूमिका घेतली होती, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा कौल उचलून धरला. ही उपमा लोकप्रिय झाली, पण तिच्यात एक गोष्ट धरलेली नाही: त्या दुकानात काच आधीपासून फुटत होती आणि ती कोणाच्या पायाला लागत होती, हे दुकानाबाहेर ऐकू येत नव्हते इतकेच. नातेसंबंध कायद्याने सांभाळता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण बहिणीने हक्क मागितला की नाते तुटते आणि भावाने तो घेतला की तुटत नाही, अशी ज्या नात्याची रचना आहे, ती राज्याच्या मदतीने टिकवून धरू नये, एवढे तरी संविधानाने सांगितलेले आहे.

मग करायचे काय? कायदा पुन्हा बदलण्याची गरज थोडी आहे. बहुतेक काम परिपत्रके, नियम आणि शुल्काच्या अनुसूचीत होऊ शकते. वारसाची नोंद सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून लागल्याशिवाय आणि ती लागून किमान सहा महिने उलटल्याशिवाय मुलीचे विनामोबदला हक्कसोडपत्र नोंदवून घेऊ नये. त्यामुळे सुतकाच्या आणि वर्षश्राद्धाच्या गडबडीत सह्या उरकण्याची घाई संपेल, आणि आपल्या नावाचा उतारा एकदा तरी तिच्या हाती पडेल. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण जे कधी हातात आलेच नाही ते सोडण्याला देणे म्हणत नाहीत. दस्तात तिच्या हिश्शाचे वार्षिक बाजारमूल्य दरानुसारचे मूल्य रुपयांत, अक्षरी लिहिलेले असावे. आज ती काय सोडते आहे हे दस्तात गट नंबर आणि आणेवारी यांच्या रूपात असते. ते तलाठ्याला कळते, तिला कळेलच असे नाही. दुय्यम निबंधकाने ज्यांच्या लाभात दस्त होतो त्यांना बाहेर बसवून तिला मजकूर वाचून दाखवावा आणि तिचे निवेदन वेगळे घ्यावे. मुद्रांकाची सवलत या अटी पाळणाऱ्या दस्तांनाच द्यावी. आणि दिवाणी न्यायालयात अशा दस्ताला आव्हान दिले गेले, तर तो मोकळ्या मनाने झाला हे दाखवण्याचा भार लाभ घेणाऱ्यावर असावा. त्यासाठी कलम १६ पुरेसे आहे, ते समतेच्या उजेडात वाचण्याची इच्छा हवी. मुंबई उच्च न्यायालयाने एखाद्या योग्य प्रकरणात हे मांडले, तर नरसू आप्पाने बंद केलेल्या दाराशेजारी एक खिडकी उघडेल.

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करावा म्हणून लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. कोणत्याही कायद्याची सक्ती नसताना गावेच्या गावे त्यात उतरली. म्हणजे समाज याला तयार नाही, हे म्हणणे निदान महाराष्ट्राच्या इतिहासाला धरून नाही. शेजारच्या गोव्यातून दुसरी गोष्ट शिकता येईल. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेत अपत्याला, मग ते मुलगा असो वा मुलगी, मृत्युपत्रानेही पूर्णपणे डावलता येत नाही, आणि वारसा वाटपासाठी न्यायालयापुढे जी इन्व्हेंटरीची कार्यवाही होते तिची सुरुवातच सर्व वारसांच्या आणि सर्व मिळकतींच्या यादीने होते. ती पद्धत संथ आहे आणि तेथेही हक्क सोडण्याची वाट आहेच. तरी यादीत आधी नाव येते आणि सोडण्याचा प्रश्न नंतर. आपल्याकडे महसूल खात्याने आणि मुद्रांक खात्याने मिळून एवढा एक क्रम जरी बदलला, तरी पुढच्या वर्षी त्या बाकावर बसलेल्या बहिणीच्या पिशवीत हक्कसोडपत्राच्या मसुद्याच्या आधी तिच्या नावाचा सातबारा असेल, आणि सही करायची की नाही हे ती तो वाचून ठरवील.